पावणेदोन तासांची कणिक

कुंदाचं नाव पहिले घेते. माझं मग, विमानाचं त्याच्याही मग. विमानाचं आधी घेतलं असतं तर आमच्या बोरगावच्या बायकांना जास्त आवडलं असतं. पण विमानानं मला फक्त नेलं आणि आणलं, सांभाळलं ते कुंदानं.

कुंदा म्हणजे माझी धाकटी नणंद. तिगावला दिली होती. नवरा गेल्यावर सासरी तिला जागा उरली नाही. माहेरी आम्ही जागा केली असती, पण आमचा विचार चालूच होता तोवर तिनं पांढुर्ण्याहून रेल्वे धरली, नागपूरला बदलली आणि बंगलोरला पोचून फोन केला. विचार करण्यात आमचं घर पक्कं आहे. आता ती तिथे एका मराठी मॅडमच्या केटरिंगमध्ये भांडी घासते. ती नसती तर परत आल्यावर मी लिहायला बसले नसते, तोंड लपवून बसले असते.

आल्यापासून ज्या त्या बाईचा एकच प्रश्न, विमान कसं असते. प्रत्येकीला थोडं थोडं वाढवून सांगितलं. आता कोणाला काय सांगितलं ते मलाच आठवत नाही, म्हणून खरं ते एकदाच लिहून ठेवते. माझी शाळा सातवीत सुटली. कुठे चुकलं तर समजून घ्या.

बोरगाव

मी लंबी रोटी टाकते. आमच्या सौंसर-पांढुर्ण्याकडे लग्नाच्या पंगतीत ही रोटी लागतेच, पण दूरच्या लोकांना माहीत नसते म्हणून सांगते. कणिक इतकी सैल भिजवायची की परातीतून उचलली की ती हातावरून ओघळायला पाहते. ती पडायच्या आत या हातावरून त्या हातावर खेळवायची, कोपरापर्यंत लांबवायची, आणि खाली जाळ लावलेल्या पालथ्या मडक्यावर टाकायची. जमली तर रुमालासारखी होते. नाही जमली तर जाळात पडते आणि पंगतीतले सगळे एकदम तुमच्याकडे पाहतात.

कुंदानं तिच्या मॅडमला सांगून ठेवलं होतं की माझ्या वयनीच्या रोटीतून पलीकडचा माणूस ओळखू येते. मॅडमकडे नागपूरच्या एका घराचा साखरपुडा आला होता. त्या लोकांना लंबी रोटी पाहिजे होती, तीही डोळ्यांसमोर टाकलेली. मॅडमनं माझं विमानाचं तिकीट काढलं आणि कुंदाचा फोन आला.

"वयनी, ही पंगत नीट झाली तर मॅडम मले चुलीकडे घेतो म्हणते. नाई झाली तर मी आहेच नळावर."

"आणि माझ्यानंच नाई झालं तर?"

"तर दोघी घासू. एक नळ अजून आहे तिथं."

ती हसली. मला त्या दिवसापासून जेवण गेलं नाही.

मग गावात चर्चा सुरू झाली, बंगलोर किती दूर. कुंदानं सांगितलं होतं, विमानानं पावणेदोन तास. बस, एवढंच गावानं धरलं. सौंसरहून पांढुर्ण्याची बस रस्त्यात पंक्चर झाली तर तेवढाच वेळ लागतो. म्हणजे बंगलोर आम्हाला पांढुर्ण्याएवढं जवळ आलं. पांढुर्ण्याचे लोक तर जिल्हा झाल्यापासून जमिनीवरून चालत नाहीतच, त्यांना विमानाचं कौतुक नव्हतं.

घोर होता तो पाण्याचा. पाणी बदललं की रोटी फाटते, असं माझ्या सासूबाईंनी मला शिकवलं. दुसऱ्या गावच्या लग्नाला जाते तेव्हाही मी आमच्या विहिरीच्या पाण्याची कॅन सोबत नेते. गावात विमानात बसून आलेला एकच माणूस, सरपंचाचा जावई. तो आमच्या अंगणात खुर्चीवर बसला, चहा घेतला आणि म्हणाला, "पाणी नेऊ देत नाई. माझी बाटली काढून घेतली होती." बाटली गेल्याचंही त्याला भूषण होतं.

मी कपाळाला हात लावला. तेव्हा आमच्या यांनी तोड काढली. हे संत्र्याच्या बगीच्याचा अंदाज सांगायचं काम करतात. झाडाखाली उभं राहून वर पाहायचं आणि माल किती निघेल ते बोलायचं; व्यापारी त्यावर सौदा करतात. यांचा अंदाज सहसा चुकत नाही, कारण झाड जागचं हलत नाही.

"पाणी नेऊ देत नाई ना?" हे म्हणाले. "तर कणकेत घालून ने. कणकेले कोणी पाणी म्हणते काय? दोन तास भिजवा लागते, दोन तासाचं विमान. बसताना मळलेली, उतरताना तयार."

जावई म्हणाला, "बरोबर आहे."

शेजारच्या काकू म्हणाल्या, "बरोबर आहे."

मलाही बरोबर वाटलं. आम्ही सगळ्यांनी विमान धरलं, नागपूर कोणी धरलंच नाही. नागपूरला जाणं आमच्याकडे प्रवासात मोजत नाहीत. दाढ दुखली, नागपूर. लग्नाचं कापड, नागपूर. माणूस चपलेवर निघते आणि नागपूरला जाऊन येते. आणि बंगलोरला उतरलं म्हणजे पोचलंच, असंही धरून टाकलं. तिथे उतरल्यावर आणखी एक बंगलोर असते हे कोणाच्या अंदाजात आलं नाही.

पहाटे विहिरीचं ताजं पाणी शेंदलं. भीतीपोटी कणिक जरा घट्टच मळली, मीठ घातलं, स्टीलच्या डब्यात भरली आणि झाकण बुक्की मारून बसवलं.

नागपूर

मृग बहाराची संत्री उतरून राहिली होती, म्हणून बसमध्ये माणसांपेक्षा क्रेट जास्त. डबा मांडीवर, रोटीचं मडकं पायांत. सावनेर सुटल्यावर मला पहिल्यांदा वाटलं की ऊन जरा जास्तच आहे. पण यांचा हिशेब आठवला आणि धीर आला.

विमानतळात शिरल्यावर मडकं डोक्यावर घेतलं. सासूबाईंच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलं होतं, खाली चुंबळ होती. हात मोकळे राहतात, तिकीट धरता येते. तिथे सगळे लोक चाकांच्या पेट्या ओढून राहिले होते. एका बाईनं माझा फोटो काढला. मी थांबले, नीट उभी राहिले, म्हटलं काढू दे. मग कळलं की ती मला न कळू देता काढत होती. तिलाच कानकोंडं झालं.

तपासणीला मडकं त्या मशीनमधून गेलं आणि पलीकडे थांबवलं. वर्दीतल्या साहेबांनी मडक्याचं लुगडं सोडलं.

"इसमें क्या है?"

"कुछ नहीं साहेब."

"कुछ नहीं है तो ले क्यों जा रही हो?"

याचं उत्तर खरं तर कोणाकडेच नसावं. साहेबांनी खात्री करायला आत हात घातला. मडक्याच्या आतून वर्षानुवर्षं जाळ लागलेला. हात मनगटापर्यंत काळा होऊन बाहेर आला. त्यांनी हाताकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि दुसऱ्या साहेबांना बोलावलं. दुसऱ्यांनी डबा उघडला.

"ये?"

"गीला आटा."

"गीला क्यों?"

"रोटी का है साहेब. वहाँ पहुँचते तक भीगता."

दोघे एकमेकांशी हळू बोलले. मनात म्हटलं, कणिक इथेच काढून घेतली तर कुंदाला काय सांगू. मग पहिले साहेब म्हणाले, "हमारी माँ भी साथ में आटा बाँध देती थी," आणि डबा बंद करून दिला. फक्त ते पीठ होतं का मळलेलं, हे मी विचारलं नाही. हात धुवायला गेलेल्या माणसाला जास्त विचारू नये.

नंतर सगळे बसून राहिलो. विमान यायचं होतं, मग आलं, मग साफ व्हायचं होतं. आमच्या बसला निदान उशीर झाला तर कंडक्टर कोणावर तरी ओरडते, मन मोकळं होते. इथे एक मुलगी गोड आवाजात माफी मागते आणि माणसाला रागावताही येत नाही. मी डब्याला हात लावून पाहिला. गरम होता.

वर

खिडकीजवळची जागा मिळाली होती. शेजारी नागपूरचा एक तरुण, बंगलोरला नोकरीला. मडकं वरच्या कप्प्यात बसवताना हवाईसुंदरीला दोनदा विचार करावा लागला. तिथल्या एका साहेबांची पेटी तिनं दुसरीकडे हलवली. साहेबांनी मडक्याकडे असं पाहिलं की जणू त्यानं आरक्षणातून जागा घेतली.

विमानानं जमीन सोडली तेव्हा मी डोळे मिटले. उघडले तेव्हा खाली शेतं लुगड्याच्या ठिगळांसारखी दिसली. बायकांनो, खरं सांगते, त्यानंतर काहीच दिसत नाही. पांढरं असते. कापूस वेचणीच्या दिवसात आपल्याला जे दिसते तेच, फक्त वाकावं लागत नाही.

मग सांगण्यात आलं की उड्डाणाचा वेळ दीड तासाच्या वर काही मिनिटं. मी खूश झाले, पावणेदोनपेक्षाही कमी. आणि तेवढ्यात माझ्या पायाशी टप्प असा आवाज झाला. डब्याचं झाकण उडून पुढच्या खुर्चीखाली गेलं. कणिक वर आली होती, डब्याच्या काठावरून डोकं काढून पाहत होती. आंबूस वास सुटला.

शेजारच्या मुलानं कानातलं काढलं. "काकू, हे काय आहे?"

"कणिक आहे बापा."

"विमानात कणिक?"

"विमान जेवढा वेळ लागते तेवढीच भिजते ना ती."

त्यानं हे समजून घ्यायचा प्रयत्न केला. मुलगा चांगला होता. मग म्हणाला, "तुम्ही मळली कधी?"

"पहाटे. निघायच्या आधी."

"मग?"

तो एवढंच म्हणाला. त्या 'मग'मध्ये बस आली, सावनेर आलं, आणि ते बसून राहणंही आलं. हजार किलोमीटरच्या आसपास अंतर, आणि आम्ही सगळ्या गावानं मिळून त्याचा फक्त वरचा भाग मोजला होता. विमानवालेही तसेच. ते चाकं उचलल्यापासून टेकेपर्यंतच मोजतात, माणसाला जमिनीवर बसवून ठेवलं ते हिशेबात नाही. म्हणजे आमचे हे आणि विमान कंपनी एकाच शाळेत शिकले म्हणायचे.

"उतरल्यावर कुठं जायचं काकू?" मुलानं विचारलं. मी कुंदानं दिलेला पत्ता दाखवला. त्यानं वाचला आणि खाली वाकून झाकण शोधून दिलं. "शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे. विमान तर सुरुवात आहे काकू."

बंगलोर

कुंदा बाहेर उभी होती. बारीक झाली होती, पण सलवार-कुर्त्यात नीटनेटकी, आणि गाडीवाल्याशी कानडीत बोलून राहिली होती. मला पाहिलं तशी धावत आली.

"जय भीम वयनी. दादानं अखेर विमानात बसवलं तुमाले. मले वाटलं होतं निघताना रडून घेतील."

"रडले नाई. हिशेब करत होते."

"कोणता हिशेब?"

मी डबा पुढे केला. तिनं झाकण उचललं, वास घेतला, एक बोट खुपसून बघितलं. झाकण लावलं, डबा गाडीत ठेवला आणि म्हणाली, "बसा वयनी. आता खरा प्रवास आहे."

नागपूरहून बंगलोरला जितका वेळ लागला त्याहून जास्त वेळ विमानतळावरून त्या घरापर्यंत लागला. गाडीवाल्यानं इंजिन बंद केलं, सुरू केलं, पुन्हा बंद केलं. त्या शहरात किलोमीटर कोणी सांगत नाही. किती दूर विचारलं की तास सांगतात, आणि सांगून झाल्यावर हसतात. आमच्याकडे उलटं, सौंसरचा माणूस कितीही दूर असलं तरी 'हे काय, इथंच' म्हणते. दोघंही खोटंच बोलतात, पण आमच्या खोट्यात माणूस निदान निघते तरी.

"कुंदा," मी म्हटलं, "कणिक गेली."

"तुम्ही मडकं सांभाळा."

"तुझी चूल..."

"वयनी, ते पाहा, त्या झाडाले आपल्या पळसासारखी फुलं आहेत." आणि ती मला फुलं दाखवत बसली. मला तिचा राग आला. माझ्यामुळे तिचं नुकसान होऊन राहिलं होतं आणि ती फुलं मोजत होती.

पंगत

हॉलच्या मागच्या हिरवळीवर मॅडमनं माझी जागा केली होती. विटांची चूल, लाकडं, आणि मागे पडदा, त्यावर रंगवलेलं खेडं. त्या खेड्यात सगळी घरं चांगली होती आणि माणूस एकही नव्हता. मॅडम वागायला वाईट नाहीत. मला आधी पाणी दिलं, मग नथ दिली.

"मावशी, हे घालाल? आणि ही नऊवारी. लोकांना ऑथेंटिक वाटायला पाहिजे."

नऊवारी शिवलेली होती, पायजम्यासारखी चढवायची. माझ्या सासूबाई जन्मभर लुगडं नेसल्या. त्यांनी ही पाहिली असती तर विचारलं असतं, आत कोण आहे. नथ तर आमच्या मोहल्ल्यात कोणी घातलेली मी पाहिलीच नाही. पण कुंदाचं काम अडलं होतं, मी घातली. चुलीसमोर ती तापते, हे ज्यांनी शोधली त्यांना माहीत नसावं.

लोक जमले, मोबाइल वर झाले. मॅडमनं माइक घेतला. "ही कणिक आज पहाटे सौंसरजवळच्या बोरगावात मळली आहे. तिथल्या विहिरीच्या पाण्यात. आणि ती विमानानं आपल्यासाठी आली आहे." टाळ्या झाल्या. पहाटे मळल्याचं मी गाडीतून उतरताना घाबरून मॅडमला सांगून बसले होते, आंबल्याचं सोडून, माफी मागायच्या सुरात. त्यांनी त्यातली माफी गाळली.

मी पहिला गोळा उचलला. कणकेत जीव राहिला नव्हता. हातावर घेतली तशी मधून तुटली आणि अर्धी जाळात गेली. दुसरी मनगटापर्यंत आली आणि चिंधी होऊन लोंबली. कोणीतरी हसलं. मॅडमचं तोंड हसरंच होतं, फक्त त्यांच्या गळ्याची शीर दिसायला लागली. तिसरी उचलायला माझा हात वर होईना.

तेव्हा कुंदा आली. अंगावर भांड्यांचा ओला एप्रन. तिनं झाकलेली परात माझ्या डावीकडे ठेवली, माझी परात उचलली, वर दोन उष्टे ग्लास ठेवले आणि चालती झाली. एवढ्या लोकांत, एवढ्या कॅमेऱ्यांत, ते कोणी पाहिलं नाही. भांडी उचलणाऱ्या बाईकडे कोणी पाहत नसते.

झाकण काढलं. कणिक लोण्यासारखी, ताणली तर लांब होणारी. मी उचलली आणि हातांनी आपलं काम ओळखलं. कोपरापर्यंत गेली, मडक्यावर पडली, फुगून आली. मग थांबलेच नाही. सोबत वांग्याची भाजी आणि पाटवडीचा रस्सा होता. लोक रस्सा विसरून कोरी रोटी खाऊन राहिले होते.

एक वयस्क बाई खास उठून चुलीजवळ आल्या. "तुम्ही बोरगावच्या का? माझं माहेर पांढुर्ण्याचं. किती वर्षांनी ही चव मिळाली. पाणीच आपल्याकडचं, दुसरं काय."

मला आनंद झाला. घरचं कोणी भेटल्यासारखं वाटलं.

"आडनाव काय तुमचं?"

मी सांगितलं.

"अच्छा," त्या म्हणाल्या. ताट खाली ठेवलं नाही, पण दुसरी रोटी मागितलीही नाही. त्यांच्या जावयानं मात्र मागून मागून खाल्ल्या. मी हजार किलोमीटर उडून आले होते, आणि एका प्रश्नात आमच्या गावाच्या शेवटच्या मोहल्ल्यात परत गेले. परत जायला विमानही लागलं नाही.

कुंदा ताटं गोळा करत मागून गेली. "वयनी, आडनावानं रोटी फाटत नाई," ती हळूच म्हणाली. "टाका."

दुसरा दिवस

सकाळी कुंदानं मला तिच्या खोलीवर रागी मुद्दा खाऊ घातला. नाचणीचा काळा गोळा, सारात बुडवायचा आणि न चावता गिळायचा. आमच्याकडे न चावता गिळणाऱ्याला आई रट्टा देते, इथे चावणाऱ्याला हसतात. मी चावला. शेजारची बाई हसली.

"कणिक कधी भिजवली तू?" मी विचारलं.

"दुपारी, तुमाले घ्याले निघायच्या आधी. फ्रिजात ठेवली होती, आंबू नये म्हणून. मले माहीत होतं तुम्ही घरूनच मळून आणसान. पाण्याशिवाय तुम्ही येत नाई आणि दादाच्या हिशेबाशिवाय निघत नाई. मी त्या घरात वाढली ना."

"पाणी?"

"टँकरचं."

सासूबाईंचं पाणी, माझी कॅन, इतक्या वर्षांची लग्नं. पांढुर्ण्याच्या त्या बाईंना टँकरच्या पाण्यात माहेर सापडलं होतं.

मग आम्ही मॅडमच्या किचनमध्ये गेलो. मॅडम खूश होत्या. "मावशी, आता तुम्हाला दर महिन्याला विमानानं आणते. पण कणिक तिथूनच मळून आणायची. विहिरीचं पाणी, हीच तर गोष्ट आहे."

"आणि कुंदा?"

"कुंदा आहेच की इथे."

कुंदा मागे नळावर होती, कालची पातेली घासून राहिली होती. तिनं वर पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली. बोलू नका, असं. मला कळत होतं. बोलले तर मॅडमचा माइक खोटा ठरतो आणि कुंदाचं आहे तेही काम जाते. नाही बोलले तर मी महिन्याच्या महिन्याला आभाळातून येणार आणि ती नळावरच बसणार, माझ्या कणकेची भांडी घासत. मी बोलले.

"मॅडम, मी आणलेली कणिक आंबून गेली होती. लोकांनी खाल्ली ती कुंदानं भिजवली. तुमच्या टँकरच्या पाण्यात."

मॅडमनं आधी दार लावलं. "हे कोणाला माहीत आहे?"

"आपल्या तिघींले."

"कुंदा, तू मला काल का नाही सांगितलंस?"

कुंदानं पातेलं उपडं केलं. "कवा सांगू मॅडम? माइक तुमच्या हातात होता."

मला वाटलं, संपलं. पण मॅडम धंद्यातल्या बाई. कुंदाला इथेच रोटी जमली तर विमानाचं तिकीट वाचते, हे त्यांच्या तोंडावर येताना मला दिसलं. "कणिक मळली म्हणून चूल मिळत नाही," त्या म्हणाल्या. "टाकून दाखव."

कुंदानं हात पुसले. फ्रिजमधली कालची उरलेली कणिक घेतली, उचलली, आणि ती तिच्या तळव्याला धरून बसली. तेव्हा मी तिचे हात पाहिले. भांड्यांच्या पावडरनं तळवे चिरलेले, बोटांच्या पेरांत भेगा. सैल कणिक त्या भेगांत शिरत होती आणि रोटी तिथूनच फाटत होती. दुसरी अर्ध्यापर्यंत आली. तिसरीही अर्ध्यापर्यंतच.

मॅडमनं पाहिलं. "हात चुकत नाहीये तुझा. पण असं लोकांसमोर नाही चालणार. जमेल त्या दिवशी सांग, चूल देईन." आणि फोन आला म्हणून त्या गेल्या. शब्द दिला हे खरं. तो पाळणार नाहीत असंही मी म्हणत नाही.

माझी निघायची वेळ झाली होती. मी कुंदाचे तळवे मांडीवर घेतले आणि खोबरेल तेल चोळलं.

"मडकं तुझ्याजवळ राहू दे," मी म्हटलं. "टाकण्यात तुझी काही चूक नाई. हे हात भरून आले पाहिजे. महिनाभर पाण्यात आणि पावडरमध्ये घालू नको."

कुंदा हसली. "मग भांडी कोण घासन वयनी?"

गाडी दारात आली होती. मी तिला जवळ घेतलं आणि गाडीत बसले.

परत

येताना डोक्यावर मडकं नव्हतं. तपासणीत कोणी अडवलं नाही, कोणी फोटो काढला नाही. बोरगावला पोचले तर हे फाटकातच उभे.

"भिजली ना बरोबर? दोन तासात?"

"बरोबर भिजली," मी म्हटलं. "तुमच्या बहिणीनं भिजवली."

मग सगळं सांगितलं. हे ओट्यावर बसले आणि बोटांवर पुन्हा हिशेब केला. "नागपूर धराले पाहिजे होतं," शेवटी म्हणाले. आमच्या घरात चूक कबूल करण्याचा हा सर्वात मोठा प्रकार आहे.

कुंदाचा फोन येतो, मॅडमच्या तिकिटाचा नाही. पहाटे कामाआधी ती एक-दोन रोट्या टाकून पाहते. अर्ध्यापर्यंत येतात, मग फाटतात. हात तसेच आहेत, कारण दिवसभर ते नळाखाली आहेत. आणि चुलीकडे गेल्याशिवाय नळ सुटत नाही. तिची मॅडम चांगली आहे, तिचं नशीबही म्हणे चांगलं आहे, आणि तिचे हात बरे व्हायला एक महिना पाहिजे, तो कोणाकडे नाही.

माझ्याकडे आहे. यंदा नाही, यंदा संत्री आहेत, घर आहे, माझी भीती आहे. पण कुंदा, तू हे कोणाकडून वाचून घेशील तेव्हा ऐक. एकदा मी येईन, रेल्वेच्या जनरल डब्यात बसून येईन, जितका वेळ लागेल तितका लागू दे. तुझा एप्रन घालीन आणि महिनाभर तुझ्या नळावर बसीन. तू हातांना तेल लावून चुलीजवळ बस. भांडी मी घासीन.